पहाटे तीनला लेन्स आंधळी होते, त्याचा इलाज

रात्री अकरापर्यंतचे फोटो झकास. आभाळ निवळशंख, तारे टाचणीच्या टोकाएवढे. एकच्या पुढचे फोटो मोठे करून बघितले तर प्रत्येक ताऱ्याभोवती कापसाचा बोळा. अडीचनंतर नुसता राखाडी पडदा. आपण तंबूत वाकळ ओढून घोरत असतो आणि कॅमेरा इमानदारीने दर तीस सेकंदांनी तोच पडदा टिपत बसलेला असतो.

माझं हे सलग तीन हिवाळे झालं. जागा एकच, परभणीजवळचं आमचं शेत. निमित्तही एकच, डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्रीचा मिथुन राशीतला उल्कावर्षाव. पहिल्या वर्षी वाटलं, फोकस हलला. दुसऱ्या वर्षी फोकसच्या रिंगेला चिकटपट्टी मारली, तरी तेच. मग लेन्स शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने ‘आत ओल गेलीय’ म्हणत उघडली, पुसली, पैसे घेतले. तिसऱ्या वर्षी मध्यरात्री लघवीला उठलो म्हणून बरं. येताना सहज टॉर्च मारला, तर लेन्सच्या काचेवर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर असतात तसे बारीक थेंब.

लेन्स धड होती, फोकसही जागेवर होता. दहिवर, म्हणजे दव, पडलं होतं, एवढंच. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे कळायला तीन हिवाळे लागले, हे लिहायलाही लाज वाटते.

थंडीतल्या मुक्कामात कॅमेऱ्याच्या ज्या तक्रारी मला लोक सांगतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त शेवटी याच मुद्द्यावर येतात. म्हणून तेच आधी आणि सविस्तर घेतो. बॅटरी, धूळ, राख वगैरे नंतर.

लडाखचे सल्ले इथे चालत नाहीत

थंडीत कॅमेरा कसा जपायचा हे शोधलं की बर्फातले सल्ले मिळतात: पडदा गोठतो, शटर अडकतं, बॅटरी दहा मिनिटांत बसते. ते खरं आहे, पण उणे तापमानात. आपल्याकडे ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ म्हणायचं ते म्हणू, थंडीचा कडाका पडला की परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या साली त्याच्याही खाली. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चालण्याची मर्यादा ० ते ४० अंश अशी दिलेली असते. म्हणजे आपली थंडी कॅमेऱ्याला सहज झेपते. झेपत नाही तो आपला मे महिना, पण तो विषय वेगळा.

आपला प्रश्न थंडीपेक्षा फरकाचा आहे. दुपारी तीस अंश, पहाटे आठ. एकाच दिवसात वीस-बावीस अंशांची उडी. शिवाय भोवती कॅनॉलचं पाणी पिऊन टम्म झालेला गहू आणि ऊस. कोरड्या माळाची आणि ओल्या वावराची हवा एकाच गावात दोन तऱ्हेची असते, हे पुढे कामाला येईल.

हवेत वाफ असते. हवा गार होत गेली की तिला ती वाफ धरून ठेवणं जमेनासं होतं, आणि एका ठरावीक अंशावर पाणी सुटायला लागतं. त्या अंशाला दवबिंदू म्हणतात. कुठलीही वस्तू या दवबिंदूपेक्षा गार झाली की तिच्यावर पाणी धरणार, मग ती पितळेची घागर असो नाही तर पन्नास हजारांची लेन्स. पहाटे हवा आठ अंश आणि आर्द्रता नव्वद टक्के असेल, तर दवबिंदू साडेसहा अंशांच्या जवळपास येतो.

आता कोणी म्हणेल, हवा आठ अंश असताना लेन्स साडेसहाच्या खाली कशी जाईल? जाते. निरभ्र रात्री आभाळाकडे तोंड करून ठेवलेली वस्तू आपली उष्णता सरळ वर सोडत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षा दोन-चार अंश जास्त गार होते. मोटारीचं टप ओलं आणि दाराची बाजू कोरडी, हे आपण रोज बघतो. ताऱ्यांचे फोटो काढताना लेन्सचं तोंड कुठे असतं? वर. म्हणजे ती टपाच्या जागी बसलेली आहे.

दुपारीच ओळखा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. दिवसभरात तापमान वर-खाली होतं, पण दवबिंदू फारसा हलत नाही. दुपारी एकोणतीस अंश आणि तीस टक्के आर्द्रता असताना हवा कोरडी ठणठणीत वाटते, पण तिचा दवबिंदू दहाच्या आसपास असतोच. रात्री पारा घसरत घसरत त्याला गाठतो, एवढंच.

म्हणून मुक्कामाला निघायच्या दिवशी दुपारी फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू बघा. बहुतेकांत तो असतो, थोडं खाली सरकवावं लागतं. मग रात्रीचं किमान तापमान बघा. ते दवबिंदूपेक्षा सात-आठ अंशांनी वर असेल तर निवांत झोपा. तीन-चार अंशांनीच वर किंवा त्याहून खाली असेल तर लेन्स ओली होणार हे धरून चाला, कारण ॲप हवेचं तापमान सांगतं आणि तुमची लेन्स त्याच्याही खाली जाणार आहे. वारा वाहत असेल किंवा ढग असतील तर दव कमी पडतं. गंमत अशी की ज्या रात्री वारा नाही आणि ढग नाहीत, नेमकी तीच रात्र आपण फोटोसाठी निवडतो.

जागेवर गेल्यावरची खूण त्याहून सोपी. दर अर्ध्या तासाने मोटारसायकलच्या सीटवर हात फिरवा. सीट ओलसर लागली की लेन्सचा नंबर जवळ आला.

तात्यांचं लिंबाचं झाड

तिसऱ्या वर्षी सकाळी मी ओली लेन्स हातात घेऊन बसलो होतो. आमचे चुलते, तात्या, शेतातच मुक्कामाला असतात. ते म्हणाले, “कुठं ठेवलं होतं?”

“तिथं, गव्हाच्या बांधावर.”

“आन् आभाळाखाली उघडंच?”

“तात्या, आभाळाचेच फोटो काढायचे होते.”

“मग भिजंलच की. माझी बाज बघ, लिंबाखाली आहे. वाकळ कोरडी. दहा पावलांवर कडब्याची गंजी, ती वरून ओलीगच्च.”

यात सगळं आलं. झाडाच्या फांद्या मध्ये आल्या की खालच्या वस्तूची उष्णता मोकळ्या आभाळात जात नाही, त्यामुळे ती तेवढी गार होत नाही. म्हणून फोटो काढत नसाल तेव्हा कॅमेरा, बॅग, तंबू, सगळं झाडाखाली. झाड नसेल तर कॅमेऱ्यावर छत्री धरून ठेवा, ट्रायपॉडला बांधून. हिवाळ्यात छत्री घेऊन निघालो की घरचे हसतात. हसू द्या.

दुसरी चूक गव्हाचा बांध. ओलिताच्या रानाशेजारची हवा ओली असते, आणि गार हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून वाहत खोलगटात येऊन साचते. नाल्याकाठचं वावर आणि पन्नास फूट वरचा माळ यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. नाल्याकाठी धुई दाटते तेव्हा माळावर ऊन पडलेलं असतं. म्हणून तंबू माळावर, थोडा चढावर ठोका. नाथसागराच्या काठी पट्टकदंब आणि चक्रवाक टिपायला जाणाऱ्यांची पंचाईत मला कळते. पक्षी पाण्यापाशी असतात, माळावर नाही. पण तिथेही मुक्काम काठापासून लांब, उंचावर करा आणि उजाडायच्या सुमारास काठावर उतरा. म्हैसमाळला हा त्रास मला कमी झाला, ते पठार उंच आणि वाऱ्याचं आहे. गौताळ्यासारख्या अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते, तेवढं आधी बघून घ्या.

लेन्स उबदार ठेवायची

जागा बदलूनही दव टळत नसेल तर लेन्सला थोडी ऊब द्यायची. थोडी म्हणजे भोवतीच्या हवेपेक्षा तीन-चार अंश जास्त, बस. चटका बसेल इतकी नको, नाही तर लेन्ससमोरची हवा थरथरते आणि तारे फुगतात.

पहिला उपाय फुकटचा: हूड. लेन्सबरोबर आलेलं ते प्लॅस्टिकचं नळकांडं आपण घरी कपाटात टाकलेलं असतं. ते लावलं की काचेला दिसणारं आभाळ कमी होतं आणि दव तासभर तरी लांबतं. छोट्या हुडावर काळ्या जाड कागदाची नळी गुंडाळून ते लांब करता येतं, फक्त फोटोच्या कोपऱ्यात येत नाही ना ते तपासा.

दुसरा, लेन्सला गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा तापणारा पट्टा. ऑनलाइन मिळतो. पाच वॅटचा पट्टा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर पाच-सहा तास चालतो, म्हणजे रात्र निघते. पट्टा काचेच्या जितका जवळ तितका बरा, फोकसच्या रिंगेवर मात्र नको. दव पडायच्या आधी चालू करा. धरलेलं पाणी वाळवण्यापेक्षा ते धरूच न देणं फार सोपं असतं.

पट्टा नसताना मी मिठाची पुरचुंडी करून बघितलीय. आजी गुडघे शेकायला करते तशीच: जाडं मीठ तव्यावर कोमट करायचं, जुन्या मोज्यात भरून गाठ मारायची आणि लेन्सच्या नळीला रबराने बांधायची. अर्धा-पाऊण तास चालते. पण मीठ सांडलं आणि ओलीत मिसळलं तर धातूचं वाटोळं, म्हणून दोन मोजे एकात एक घाला, किंवा मिठाऐवजी धुतलेली वाळू वापरा. वाळूच बरी. लोखंडाच्या भुकटीच्या हात गरम करायच्या पुड्या मिळतात, त्या मोज्यात घालून बांधल्या तरी चालतं. त्यांना हवा लागते, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं की विझतात.

काच ओली झालीच तर उपरण्याने पुसू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण मी स्वतः पुसलीय. आपल्या रानातली काळी माती दिवसभर उडून सगळ्यावर बसलेली असते. दव आणि ती माती मिळून गाळ होतो आणि उपरणं तो काचेवर घासतं. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग स्वच्छ मायक्रोफायबरने फक्त टिपून घ्या. तोंडाने फुंकर मारली तर आणखी वाफच जाते.

सकाळी तंबूत नेल्यावर सगळाच धूर

काचांवर धुरासारखी ओल धरते, ही तक्रार वरच्यासारखी वाटते, पण उलटी आहे आणि कॅमेऱ्याला जास्त महाग पडते. रात्रभर बाहेर राहून कॅमेरा आठ अंशांवर आलेला. आपण काळजीपोटी त्याला तंबूत आणतो, किंवा काच बंद असलेल्या मोटारीत, किंवा घरात. घर बावीस अंश, आर्द्रता पन्नास टक्के, म्हणजे दवबिंदू अकरा. कॅमेरा आठ. झालं. आता पाणी लेन्सवरच धरत नाही, तर व्ह्यूफाइंडरमध्ये, पडद्यामागे, लेन्स काढली असेल तर सेन्सरवर, आणि हवा आत-बाहेर जाऊ शकते तिथे सर्किटवरसुद्धा धरतं. झूम लेन्स पुढे-मागे केली की ती पंपासारखी हवा आत ओढते, तेव्हा अशा वेळी झूम फिरवू नका.

तंबू तर घरापेक्षा वाईट. माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पेलाभर पाणी हवेत सोडतो. तिघं जण चेन लावून झोपले की सकाळी तंबूच्या आतून धारा लागतात. त्या हवेत थंडगार कॅमेरा उघडणं म्हणजे त्याला वाफाऱ्यावर धरण्यासारखं आहे. झोपायच्या पिशवीत कॅमेरा कुशीत घेऊन झोपा, असा सल्ला काही जण देतात. थंड कॅमेऱ्याला तोही नको.

इलाज साधा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. बाहेर, थंड हवेतच असताना मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात टाका. हे आधी, कारण एकदा पिशवी बंद केली की दोन तास उघडायची नाही, आणि फोटो बघायची घाई कोणाला आवरत नाही. मग कॅमेरा लेन्ससकट झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घाला, जमेल तेवढी हवा दाबून काढा, बंद करा. ती पिशवी बॅगेत, बॅग बंद. मग आत न्या. आता पाणी धरलं तरी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरेल. आतली हवा बाहेरची थंड, कमी वाफेची आहे, ती तापली तरी पाणी सोडत नाही. कॅमेरा खोलीइतका उबदार झाला की उघडा. छोट्या कॅमेऱ्याला तास पुरतो, मोठ्या टेलिलेन्सला दोन-तीन लागतात. पिशवीला बाहेरून हात लावून गारवा जाणवतोय का ते बघा.

एक अट: कॅमेरा आधीच ओला असेल तर त्याला पिशवीत कोंडू नका. ओल आतच राहील. आधी बाहेरून टिपून कोरडा करा. आणि पिशवी कुठलीही चालते असं नाही. शेतात हाताशी असते म्हणून एकाने खताच्या गोणीच्या आतलं प्लॅस्टिक वापरलं. युरिया हवेतली ओल ओढतो आणि त्याचे कण धातूला चांगले नाहीत. साडीच्या दुकानातली नवी पिशवी रबराने घट्ट बांधली तरी काम होतं.

उलट दिशेने, म्हणजे उबदार खोलीतून कॅमेरा थंडीत नेताना, यातलं काही करावं लागत नाही. उबदार वस्तूवर पाणी धरत नाही. संध्याकाळी बाहेर काढा आणि खुशाल चालू करा. मग मधल्या वेळात तो बाहेरच राहू द्या, बॅगेत, झाडाखाली. थंड राहिला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. थंड-गरम, थंड-गरम अशा फेऱ्या मारल्या की बिघडतं. चहाला आत आलो की कॅमेराही आत, ही सवय मोडली तेव्हा माझ्या निम्म्या कटकटी संपल्या.

धूर नक्की कुठे आहे?

दुरुस्तीवाल्याकडे जायच्या आधी हे बघा, माझे पैसे गेले ते याच अज्ञानापोटी. टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूने तिरका मारा. पुढच्या काचेच्या कडेला, जिथे फोटोला फरक पडत नाही तिथे, कापडाचं टोक हलकं टेकवा. डाग उमटला तर दव बाहेर आहे, काळजी नको. उमटला नाही आणि पुढे यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तो काढून बघा. बहुतेक वेळा ओल फिल्टर आणि काच यांच्यामध्ये अडकलेली सापडते. संरक्षणासाठी लावलेल्या फिल्टरचा हा छुपा त्रास आहे, म्हणून थंडीच्या मुक्कामाला मी तो घरीच ठेवतो. फक्त डोळा लावायच्या काचेवर धूर असेल तर तो आपल्याच श्वासाचा. मफलर नाकावरून घेतला की वाफ वर डोळ्याकडे जाते. फोटो काढताना मफलर खाली घ्या किंवा श्वास बाजूला सोडा.

हे सगळं करूनही धूर काचांच्या मधे दिसत असेल तर तो खरोखर आत आहे. तेव्हा कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा आणि दुपारची वाट बघा. हिवाळ्यातली आपली दुपारची हवा हा फुकटचा ड्रायर आहे. लेन्स काढून दोन्ही झाकणं उघडी ठेवा आणि स्वच्छ खोलीत, सावलीत, खिडकीजवळ दोन-तीन दुपारी असू द्या. उन्हात ठेवू नका. लेन्स म्हणजे शेवटी भिंग, आणि ते ऊन कुठे एकवटेल ते सांगता येत नाही. हेअर ड्रायरही नको.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय अजून सगळीकडे सांगितला जातो. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पीठ मात्र कॅमेऱ्याच्या फटींत जातं. सिलिका जेल घ्या. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी धरू शकते. बुटांच्या डब्यात येते ती पुडी दोन-चार ग्रॅमची असते आणि आपल्या हातात पडेपर्यंत बहुधा तृप्त झालेली असते. निदान शंभर ग्रॅमची रंग बदलणारी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेऱ्यासोबत ठेवा. निळ्या जातीचे दाणे भरले की गुलाबी होतात. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्टचं विषारी मीठ असतं, म्हणून ते तापवायला स्वयंपाकाचा तवा घेऊ नका. नारिंगी जात त्यापेक्षा बरी.

ओल आत राहिली आणि लेन्स रेक्झिनच्या केसमध्ये कपाटात पडली, तर पुढच्या पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. ती बुरशी. ती मात्र घरी निघत नाही, आणि फार जुनी झाली तर काचेवरचा लेपही खाते.

बॅटरी लवकर बसते

थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, तिचा अंतर्गत विरोध वाढतो आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. पण आठ अंशांत हा परिणाम थोडाच असतो. आपल्याकडे बॅटरी बसते ती बहुधा रात्रभर चालू ठेवलेल्या पडद्याने, लांब एक्स्पोजरने आणि वायफाय-ब्लूटूथने. ते बंद करा. जोडीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांपासून लांब. बसलेली बॅटरी फेकल्यासारखी बॅगेत टाकू नका. तीही खिशात घाला, ऊब मिळाली की थोडी आणखी चालते. बॅटरी दोन-चार वर्षांची झाली असेल तर थंडीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, नवी घ्या. फ्लॅशला साध्या अल्कलाइन सेलऐवजी चार्ज होणारे निकेल सेल थंडीत बरे चालतात.

फोकसचं म्हणाल तर तो थोडा हलतोच. लेन्स गार होते तशी आकसते. दहा वाजता साधलेला ताऱ्याचा फोकस दोन वाजता तितका नेमका नसतो. चिकटपट्टी मारून विसरू नका, तासाभराने पडद्यावर एखादा ठळक तारा दहापट मोठा करून पुन्हा साधा.

हुरडा, आगटी आणि कॅमेरा

मराठवाड्यातला हिवाळी मुक्काम हुरड्याशिवाय होत नाही, आणि माझ्या सेन्सरवरची सगळ्यात चिवट घाण तिथलीच आहे. आगटीतून कणसं काढून हातावर चोळली की कोंडा आणि बारीक कुसं उडतात, गोवऱ्यांची राख हलकी असल्याने वारा नसतानाही तरंगते, आणि चटणीच्या तेलाचे हात आहेतच. शेकोटीजवळ लेन्स बदलायची नाही, एवढा एक नियम मी कडक पाळतो. लाकूड आणि गोवरी जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही निघते. थंडगार कॅमेरा ‘शेकायला’ आगटीपाशी आणला की त्यावर आधी वाफ धरते, मग त्या ओलीला राख चिकटते. घोंगडीत गुंडाळू नका, लोकर आत जाते. शेकोटीचे फोटो हवेच असतील तर एकच लेन्स लावून या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, काढा आणि मागे व्हा.

घरी आल्यावर कॅमेरा वाळला म्हणजे झालं असं नाही. बॅग आणि गळ्यातला पट्टा रात्रभर दव पिऊन बसलेले असतात. ओल्या बॅगेत कोरडा कॅमेरा ठेवला तर तो चार दिवसांत पुन्हा ओला. बॅगेतले सगळे कप्पे काढून ती उलटी करा, काळी माती झटका आणि दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाका. बॅगेला ऊन चालतं.